करंगळीचा शब्द

जपानीत पारव्याला, होल्याला, कबुतराला, सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, हातो. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. शेतावर कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता. आजी बांधाच्या खाली उभ्या होत्या आणि वर बघून मला म्हणाल्या, "हातो, हातो." मला वाटलं, बांध चढायला हात मागतायत. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग विजेच्या तारेवर बसलेल्या दोन होल्यांकडे बोट केलं आणि हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी माझा हात धरला आणि बांध चढून वर आल्या. त्या दिवसापासून तारेवर पाखरू दिसलं की त्या "हातो" म्हणायच्या आणि मी हात पुढे करायचा, हा आमचा खेळच झाला.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळा नाही, कारण त्या वर्षी आमच्या ज्वारीवर पाखरं फार पडली आणि राखणीला कुणी नव्हतं. वडिलांनी मला रानातल्या उंच माळ्यावर बसवलं, हातात गोफण दिली. एका हंगामापुरतं म्हणून बसवलं ते लग्न होईपर्यंत. त्यामुळे मला वाचायला वेळ लागतो, पण पाखरू कुठं उतरणार हे मला लवकर कळतं. चिमण्या आणि पोपट कणसावर येतात. होला कणसावर येत नाही, त्याला जमिनीवर सांडलेला दाणा लागतो. म्हणून त्याचा खरा हंगाम कापणी झाल्यावर असतो. त्याचे पाय आखूड, म्हणून बुडखे उंच राहिलेल्या रानात तो उतरत नाही. ओल्या रानात उतरत नाही. दव वाळल्याशिवाय उतरत नाही. आधी जवळच्या झाडावर बसून अर्धा तास नुसतं बघतो, एक उतरतो, त्याला काही झालं नाही की मग बाकीचे उतरतात. पारव्याचं वेगळं. तो आमच्याकडे विहिरीत राहायचा, आणि थव्यानं एकदम येऊन एकदम उठायचा. ह्या सगळ्याचा पुढच्या आयुष्यात काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. झाला, तो असा झाला.

आमचे हे आचारी आहेत. आधी आम्ही टोकियोत ओजिमाला होतो. तिथे आपली माणसं पुष्कळ. कंपनीत कामाला आलेल्यांच्या बायका संध्याकाळी बागेत भेटायच्या, चांगल्या वागायच्या, डब्यातलं द्यायच्या. पण बोलता बोलता कुणी शिक्षणाचं काढलं की मी पिशवी उचलून घरी निघायची. मग मी बागेतच जाईनाशी झाले. पुढे ह्यांना इबाराकीत एका नव्या हॉटेलात काम मिळालं आणि आम्ही इकडं आलो. इथं मराठी माणूस नाही. सगळे समजतात की हिला जपानी येत नाही म्हणून ही गप्प आहे. मला ते बरं वाटलं. गप्प राहायला एक कारण मिळालं.

आजींकडचं काम ह्यांनीच शोधून दिलं. आठवड्यातून चार दिवस, सकाळी. आजी ऐंशीच्या आसपासच्या. नवरा गेलेला, मुलगा ओसाकाला नोकरीत, वर्षातून दोनदा येणारा. भाताची जमीन त्यांनी शेजाऱ्याला कसायला देऊन टाकली होती. स्वतःकडे घरामागचा भाजीचा तुकडा, काकीची झाडं आणि टेकडीआडचं सोब्याचं शेत एवढंच ठेवलं होतं. काकी म्हणजे इथलं एक नारिंगी फळ. मी घरी आल्यावर "आज दिवसभर काकी सोलल्या" म्हटलं की माझी मुलगी पोट धरून हसायची. आणि सोबा म्हणजे एक काळा, तीन धारांचा दाणा. त्याच्या पिठाच्या शेवया करतात आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरोघर खातात. आजी आपल्या घरच्या सोब्याशिवाय तो दिवस करायच्या नाहीत.

सोब्याचा दाणा फार गळतो. कापायच्या आधी गळतो, कापताना गळतो. कापणी झाली की जमिनीवर काळा सडा पडलेला असतो. ते शेत टेकडी आणि बांबूचं बन ह्यांच्या बेचक्यात आहे, रस्त्यावरून दिसत नाही. सकाळचं ऊन त्याच्यावरच आधी येतं. बुडखे आखूड, माती मोकळी, पाणी जवळ, आणि बसून बघायला बांबू. मी पहिल्यांदा ते शेत बघितलं तेव्हाच मला कळलं की इथं होले येणार. आम्ही दहाच्या सुमाराला थर्मास घेऊन तिथं बांधावर बसायचो. मी बोटानं बांबूकडे दाखवायची, मग एक बोट वर करायची, म्हणजे आधी एक येईल. एक यायचा. मग मी दहाही बोटं पसरायची, आणि तीस-चाळीस होले खाली यायचे. आजी तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघायच्या, मी जणू होल्यांना बोलावलंच. त्या मला काहीतरी विचारायच्या, मी मराठीत उत्तर द्यायची. "माळ्यावर बसायची मी, आजी. गोफण होती माझ्याकडं." त्या मान हलवायच्या. त्या मला नेएचान म्हणायच्या. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "ताई म्हणतात तुला. घरातल्यासारखं." पन्नाशीला आलेल्या बाईला ऐंशीची बाई ताई म्हणते ह्याचं मला हसू यायचं, आणि मी तो शब्द मनात घेऊन सायकलवरून घरी यायची.

आमच्या ह्या भागात नोव्हेंबरच्या मध्यावर शिकारीला परवानगी मिळते. गावात शिकारी लोकांचं मंडळ आहे. आठ-दहा जण, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट. त्यांच्या प्रमुखाला सगळे कायचो म्हणतात, म्हणजे अध्यक्ष. ते डुकरांच्या मागे जातात, आणि कापलेल्या रानांवर होले मारतात. पारवे मारायची परवानगी नसते, होल्यांची असते. आणि नियम असा आहे, म्हणे, की रानात पीक उभं असेल तर मालकाला विचारावं लागतं. कापणी झालेल्या मोकळ्या रानात विचारावं लागत नाही.

पहिल्याच वर्षी, कापणी संपली त्या दिवशी, आजी मला शेताच्या तोंडाशी घेऊन गेल्या. रस्त्याकडे बोट केलं, डोक्यावर टोपी असल्याची खूण केली, बंदूक धरल्याची खूण केली आणि दोन्ही हातांची फुली करून म्हणाल्या, "दामे." दामे म्हणजे नको, चालायचं नाही. मग तोंड उघडून त्यांनी मला आपला सोन्याचा दात दाखवला. खिशातून एक शिशाचा छर्रा काढला, दातावर टेकवला आणि "काट्" असा आवाज केला. पूर्वी कधीतरी ह्या शेतावर बंदुका चालल्या होत्या, तेव्हा छर्रा पिकाबरोबर दळणात गेला आणि शेवयांत आला, असं मी समजले. तो छर्रा त्यांनी जपून ठेवला होता. मग त्यांनी खाली दाण्यांकडे, वर बांबूकडे आणि पुन्हा खाली असं दाखवलं, आणि झाडल्यासारखा हात फिरवला. होले शेत झाडून देतात. नाही तर सांडलेला सोबा पुढच्या पिकात उगवतो. हे मला सांगायची गरज नव्हती. मीही शेतकऱ्याचीच आहे.

मी म्हटलं, "दामे." त्या म्हणाल्या, "दामे." आणि त्यांनी करंगळी पुढे केली.

आमच्याकडे करंगळी दाखवली की कट्टी. लहानपणी माळ्यावरून उतरून शाळेच्या वाटेवर उभी राहिले की मुली मला करंगळ्या दाखवत जायच्या, कारण मी खेळायला येत नव्हते. मला कळेना, माझं काय चुकलं. मी हात मागे घेतला. आजींनी माझा हात ओढून माझी करंगळी आपल्या करंगळीत अडकवली, दोनदा हलवली, काहीतरी गाण्यासारखं म्हणाल्या आणि सोडली. घरी आल्यावर मी मुलीला रडवेली होऊन विचारलं. ती म्हणाली, "आई, ते प्रॉमिस असतं. मोडलं तर हजार सुया गिळायच्या असं म्हणतात त्यात." मग म्हणाली, "कसलं प्रॉमिस केलंस गं?" मी सांगितलं नाही. हे शेत कुणाला सांगायचं नाही, एवढंच तर ते प्रॉमिस होतं.

ते मी मोडलं नसतं. ह्यांना मात्र सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. रात्रीची भाकरी थापताना मी आपलं बोलत होते, आज किती होले उतरले, आजी कशा बघत राहिल्या. एवढं बोलायला मला दिवसात दुसरं कुणी नसतं.

कायचो दर बुधवारी ह्यांच्या हॉटेलात जेवायला येतात. गेल्या वर्षी नोव्हेंबर लागल्यावर एकदा ते कुरकुरत होते की होले कुठं गेलेत कळत नाही, सोयाबीनच्या रानात बसलो तर रेल्वेच्या पुलाखालचे पारवेच येतात. तेव्हा हे म्हणाले, माझ्या बायकोला पाखरांचं सगळं कळतं. त्या रविवारी कायचो गाडी घेऊन आमच्या दारात आले.

"अहो, मला नाही जायचं," मी आत म्हटलं.

"काय बिघडतं? नुसतं रान बघायचं आणि सांगायचं. एवढी मोठी माणसं आलीत दारात."

"मला बोलता येत नाही त्यांच्याशी."

"तू मला सांग, मी त्यांना सांगतो. मी आहे ना."

गाडीत कायचो, हे, मी आणि मुलगी. मुलगी आली ती कायचोंच्या कुत्र्यासाठी. आधी भाताची रानं बघितली. बुडख्यांना हिरवे फुटवे आलेले, खाली पाणी. मी मान हलवली. मग सोयाबीनची रानं. तिथं शेंगा फुटून दाणे पडले होते. मी उतरून बघितलं. पारव्यांची विष्ठा होती, होल्यांचीही थोडी. कायचो माझ्यामागून चालत होते, मी वाकले की वाकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोठा माणूस माझ्या मागून, मी काय बघते ते बघत चालला होता. हे खोटं लिहिणार नाही, मला ते आवडलं.

मग कायचोंनी टेकडीकडे हात करून ह्यांना काहीतरी विचारलं. हे मला म्हणाले, "टेकडीच्या पलीकडे काही आहे का, विचारतायत."

मी गप्प राहिले असते तर झालं असतं. पण विचारलं आणि मी सरळ उत्तर दिलं. माझी एवढी चूक आहे, ती मी माझ्या नावावर घेते. मी म्हणाले, "होले सगळे सोब्यातच उतरतात, पण तिथं नको. ते आजींचं आहे. त्यांना तिथं बंदूक नकोय, मी शब्द दिलाय त्यांना. ह्यांना सोयाबीनवरच बसवा, पुलापासून लांबच्या टोकाला. तिथं होले मिळतील दुपारी."

हे जपानीत बोलले. मला जपानी येत नाही, पण चार शब्द येतात. मला सोबा ऐकू आला. इचिबान ऐकू आला, म्हणजे सगळ्यात चांगलं. मी दामेची वाट बघत होते. ह्यांचं वाक्य संपलं. कायचोंनी माझ्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला.

"सांगितलंत ना, तिथं नको म्हणून?"

"सांगितलं गं."

"दामे म्हणालात?"

"सगळं सांगितलं. बस आता गाडीत."

मी बसले. मुलगी मागे कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. माझ्या मनाला ते लागलं होतं, तो न आलेला शब्द. पण मला वाटलं, नको म्हणायचे त्यांच्यात दुसरे शब्दही असतील. मोठ्या माणसांशी बोलताना वेगळे शब्द वापरतात, एवढं मला ठाऊक होतं.

शिकार सुरू झाली त्या दिवशी मी आजींकडे होते. आम्ही ओसरीवर बसून काकी सोलत होतो. सोलायच्या, देठाला दोरी बांधायची, वाशाला टांगायच्या, मग महिनाभर वाळू द्यायच्या. दव वाळलं होतं. मी बरोबर ओळखलेली वेळ. पहिला बार झाला तेव्हा आजींचा सुरा थांबला. दुसरा झाला, तिसरा झाला, आणि मग मोजता येईनात. आवाज टेकडीआडून येत होता. बांबूवरून सगळी पाखरं उठली आणि घरावरून गेली.

आजी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या टेकडीकडे बघत होत्या. मी "दामे, दामे" म्हणाले. माझ्या हातातली काकी अर्धी सोललेली होती. त्यांनी मान हलवली, जणू मी काही सांगायची गरज नाही. तोपर्यंत त्यांच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना वाटलं, शोधलं असेल कुणीतरी.

तासाभरानं कायचो अंगणात आले. त्यांच्यामागे दोघं-तिघं, आणि शेवटी हे. ह्यांनी नारिंगी जाकीट घातलं होतं. मंडळानं दिलेलं. बंदूक नाही, नुसतं जाकीट आणि टोपी. जपानात आल्यापासून अकरा वर्षांत ह्यांना कुणी बोलावून बरोबर नेलं नव्हतं. ह्यांचा चेहरा लग्नात होता तसा दिसत होता. कायचोंनी दोन होले पायांना दोरी बांधून आजींपुढे धरले आणि माझ्याकडे हात करून लांबलचक काहीतरी बोलले. त्यात सोबा होता. ओकुसान होतं, म्हणजे बाईसाहेब, म्हणजे मी. आणि वाकून नमस्कार होता.

आजींनी होले घेतले. गुडघ्यांवर बसून, कपाळ चटईपर्यंत नेऊन त्यांचे आभार मानले. सगळ्यांना चहा दिला. हे चहा पिताना मला म्हणाले, "बघ, किती खूश आहेत सगळे तुझ्यावर."

"ह्यांना कुणी सांगितलं ते शेत?"

"आता इथं नको," हे म्हणाले.

माणसं गेल्यावर आजींनी राहिलेल्या काकी स्वतःकडे ओढून घेतल्या. मला म्हणाल्या, "ओकुसान, आज इतकंच. दमला असाल." माझ्या ओळखीचे शब्द होते, म्हणून कळलं. नेएचानची मी ओकुसान झाले होते. आपल्याकडे कुणी तूवरून एकदम तुम्हीवर आलं की कसं वाटतं, ते ज्याचं त्यानं आठवावं. शिवी दिली असती तर मी ती घेऊन बसले असते. त्यांनी मला मान दिला.

घरी आल्यावर मी मुलीला विचारलं. "त्या रविवारी गाडीपाशी बाबा कायचोंना काय म्हणाले?"

ती फोनमध्ये बघत होती. "कधी?"

"टेकडीचं विचारलं तेव्हा."

"म्हणाले की टेकडीमागच्या सोब्यात सगळ्यात जास्त येतात, सकाळी दव वाळल्यावर. माझी बायको रोज बघते."

"आणि नको म्हणून? आजींना नकोय म्हणून?"

ती फोनवरून वर बघत म्हणाली, "ते नाही म्हणाले." मग जपानीत काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, नीट सांग. "मला वाटलं, तुला माहितीये," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवलंय."

दव वाळल्यावर, हे तर मी गाडीपाशी सांगितलंच नव्हतं. ते मी भाकरी थापताना सांगितलं होतं.

हे आल्यावर मी जेवण वाढलं आणि मग विचारलं. "अहो, पणच्या पुढचं का नाही सांगितलंत?"

"कुठल्या पणच्या?"

"मी म्हणाले होते, सोब्यात उतरतात, पण तिथं नको. तुम्ही निम्मंच सांगितलंत."

"मंडळाचा अध्यक्ष माणूस दारात येऊन विचारतोय, आणि त्याला काय सांगू, आहे पण देत नाही?" हे घास चावत म्हणाले. "रान रिकामं होतं. कापणी झालीये. नियमानं कुणीही जाऊ शकतं. म्हातारीचं काय गेलं? आणि दोन होले दिलेत त्यांनी तिला."

"माझा शब्द गेला."

"तुझा शब्द," हे हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसावं तसं हसले. "कुठल्या भाषेत दिला होतास? तिला मराठी येतं, का तुला जपानी येतं?"

मी त्यांच्या ताटात भात वाढला. करंगळी दाखवली असती तर ते आणखी हसले असते.

जाकीट त्यांनी दाराशी खुंटीला लावलं. अजून तिथंच आहे. मला रोज चपला काढताना ते डोळ्यापुढे येतं. ह्यांना त्याचा किती आनंद आहे हे मला कळतं. इथं ह्यांना सगळे "करी-सान" म्हणायचे, म्हणजे करीवाले, आता नावानं हाक मारतात. हा आनंद त्यांनी मागितला असता तर मी माझ्याकडचं दुसरं काहीही दिलं असतं. त्यांनी न विचारता नेमकं तेच घेतलं.

दोन दिवसांनी आजींचा ह्यांना फोन आला, की हिवाळ्यात आता काम नाही, वसंतात कळवते. हे म्हणाले, "बघ, रागावलेल्या नाहीत. किती नीट बोलल्या." मला आता खात्री नव्हती की त्या तेवढंच बोलल्या. ह्यांच्या तोंडून आलेल्या कुठल्याच वाक्याची मला खात्री नव्हती. डॉक्टर काय म्हणाले होते, मुलीच्या बाई काय म्हणाल्या होत्या, घरमालक काय म्हणाला होता. अकरा वर्षं मी लोकांची निम्मीच वाक्यं ऐकली असतील, आणि लोकांनी माझी.

मग मी मुलीकडून एक ओळ लिहून घेतली. मी दामे म्हटलं होतं. एवढीच. मुलगी म्हणाली, "मी येते ना, मी सांगते." मी नाही म्हटलं. आता कुणाच्या तोंडून काही पाठवायचं नव्हतं. मी ती ओळ तिच्या जुन्या वहीत गिरवली. चौथीनंतर पहिल्यांदा मी अक्षरं गिरवत होते, तीही परकी. महिना गेला त्यात. एका अक्षराचा फाटा मला जमत नव्हता, त्याच्यापायी मी पानं भरली. थंडी कमी व्हायला लागली तेव्हा मी सायकल काढून आजींकडे गेले आणि कागद दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा आणला. वाचलं. कागद घडी करून ठेवला. म्हणाल्या, "असं होय." त्यांच्यात हे सगळ्यालाच म्हणतात. कुणी मेलं तरी, गाडी चुकली तरी. मग कागदाच्या पुड्यात वाळलेल्या काकी बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "ओकुसान, रस्ता निसरडा आहे, जपून जा."

मी घरी येऊन त्या काकी डब्यात ठेवल्या. पांढरी साय धरलेल्या, गोड. त्यातली मी अर्धी सोलून ठेवलेली कुठली ते मला ओळखू येईना.

वसंतात फोन आला नाही. मी एका शेतकऱ्याच्या छपराखाली कांद्याची पात जुड्या करायच्या कामाला लागले. तिथं कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्याजणी कानात गाणी घालतात.

ह्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी हे म्हणाले, "कायचो विचारत होते, यंदा कुठं बसायचं? सोब्याचं नक्की धरू का? तुला ये म्हणतायत रविवारी."

"मला काही कळत नाही म्हणून सांगा," मी म्हटलं. "एवढं तरी नीट सांगा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून अंघोळीला गेले. नंतर त्यांनी कायचोंना काय सांगितलं, ते मला ठाऊक नाही. मी मुलीलाही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात कामावरून येताना मी सायकल टेकडीकडे वळवली. का वळवली ते मला सांगता येणार नाही. सोबा कापून झाला होता. आजी शेताच्या कडेला एकट्या बांबूचे खुंट ठोकत होत्या. दहा-बारा खुंट ठोकलेले, त्यांच्यामधून निळी दोरी ओढलेली. कुंपण घातलेल्या रानात मालकाला विचारल्याशिवाय बंदूक नेता येत नाही, हे मला मुलीनं वाचून दाखवलं होतं. आजींनाही ते ठाऊक असणार. इतकी वर्षं त्यांना दोरीची गरज पडली नव्हती. शेत कुणाला ठाऊकच नव्हतं, तेच त्यांचं कुंपण होतं.

खुंट डोलत होता आणि त्यांचा हातोडा सरकत होता. मी सायकल टाकून खाली गेले आणि खुंट दोन्ही हातांनी धरला. त्यांनी मला बघितलं. नेएचान म्हणाल्या नाहीत, ओकुसानही म्हणाल्या नाहीत. हातोडा मारला. खुंट बसला की त्या पुढे जायच्या, मी पुढचा धरायची. शेताच्या तीन बाजू झाल्या. माझ्या हाताला बांबूची कुसळं लागली, ती मी तिथं काढली नाहीत.

चौथ्या बाजूला बांध आहे. तो चढताना त्या थांबल्या. मी हात पुढे केला. त्यांनी नुकताच ठोकलेला खुंट धरला, जोर लावून बघितला, आणि त्याच्या आधारानं वर आल्या.

तेवढ्यात तारेवर दोन होले येऊन बसले. मी बघितले. त्यांनीही बघितले. दव केव्हाच वाळलं होतं, खाली काळा सडा पडला होता, आता ते उतरणार हे आम्हा दोघींनाही कळत होतं. हातो कुणीच म्हणालं नाही. त्यांनी दोरीचं टोक माझ्याकडे दिलं, आणि मी ते शेवटच्या खुंटाला बांधायला घेतलं.